पहिल्या नंबरचा चेक

१९८४ चा उन्हाळा, टेक्सासमधलं अर्विंग. बूट कंपनीशी करार करून प्रोफेशनल व्हायचं, की स्कॉलरशिप घेऊन कॉलेजच्या टीमकडून पळायचं, या घालमेलीत अठरा वर्षांच्या पद्मजाला तीन आठवडे अन्न गोड लागत नव्हतं. डॉक्टर बाबांचं एकच पालुपद, "आधी डिग्री!"

रविवारची शर्यत जिंकूनही तिचा जीव थाऱ्यावर येईना. मंगळवारी ती एकदाची म्हणाली, "बाबा, ठरलं. कॉलेज."

बाबांनी तिची पाठ थोपटली. "शाब्बास! पण किती गं वेंधळी तू? बक्षिसाचा चेक तिथेच सोडून आलीस. मी सही करून घेतला, बँकेत भरलासुद्धा."




"बाबा, बक्षिसाचे पैसे घेतले की कॉलेजच्या टीमकडून पळता येत नाही."