पिवळं लुगडं
घरात ना लग्न ना हळद, तरी मथुराबाई गेली चार वर्षं पिवळंच लुगडं नेसते. ढाणकीच्या बाजारात बाया हसतात. नवऱ्याला, पंजाबरावांना, आता चेहरे ओळखू येत नाहीत, भडक रंग तेवढे कळतात, हे तिनं गावात कुणाला समजू दिलं नाही. ती पुढं चालते, ते पिवळ्यामागून येतात. आजही तसेच आले आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोरच्या खुर्चीत बरोबर बसले. बाईंनी मथुराबाईला बाहेर थांबायला सांगितलं. “बाबा, कितपत दिसतं?” “सारं दिसते. हिनंच आणलं मले उगाच, आंधळ्याचं सर्टिफिकेट काढाले.” “दिसत असेल तर ते मिळणार नाही. एसटीची सवलत नाही, पेन्शन नाही.” “कायले पाह्यजे?” म्हणत ते ताठ उठले. दाराशेजारच्या भिंतीवर पोलिओ डोसचा पिवळाधमक फलक लटकत होता. पंजाबराव थेट त्याच्यापाशी गेले आणि हात पुढं करून हळूच म्हणाले, “चाल व, झालं आपलं काम.” डॉक्टरीणबाईंनी बाजूला सारलेला सर्टिफिकेटचा कागद पुन्हा पुढं ओढला. दारातून पाहणारी मथुराबाई पावलं न वाजवता आत आली, फलकाच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली. पुढं आलेला हात तिनं धरला. “चला जी,” ती म्हणाली, “मी इथंच तं होती.”