देवाच्या रानातली घाणेरी

पाड्याचा भगत डोंगरसिंग वाटेत आडवा बसला. काठी त्याने मांडीवर ठेवली. कुदळी घेऊन आलेल्या बायका त्याच्यासमोर थांबल्या.

“देवना रानमा पान तोडता येत नही,” तो म्हणाला. “मांगे फिरा.”

अठ्ठ्याऐंशी सालचा श्रावण होता. साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या त्या पाड्याच्या गायरानात दोन वर्षांपूर्वी गवताची काडी उरली नव्हती. सगळीकडे घाणेरी. गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि तिच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही. पाड्यातल्या रुपलीने बायका गोळा केल्या. पाणी भरून झालं की त्या डोंगर चढायच्या, घाणेरी मुळासकट उपटायच्या आणि पुन्हा रुजू नये म्हणून मुळं वर करून झुडपं वाळत टाकायच्या. मजुरी कुणी देत नव्हतं. पुरुष हसायचे. मग गवत गुडघ्याएवढं झालं, गाई दुधावर आल्या, आणि शेजारच्या पाड्यातले लोक ते पाहायला येऊ लागले. तेव्हा हसणारेच त्यांना हौसेने फिरवून दाखवायचे.

या श्रावणात मात्र गवतात जागोजागी खरखरीत पानांचे कोंब दिसले. रुपलीने वर पाहिलं. बुलबुलांचे थवे देवाच्या रानातून येत होते. तिथे कुणी हात लावायचा नाही, म्हणून घाणेरी माणसाच्या वर गेलेली, काळ्या फळांनी लगडलेली. त्या फळांचं बी पक्षी गायरानावर पेरत होते. ती घाणेरी तिथे उभी राहिली तर दोन वर्षांचे कष्ट मातीत जाणार होते.

“भगतबाबा,” रुपली म्हणाली, “तुमना देवले घाणेरीनी भाजी आवडस का?”

बायका खळखळून हसल्या. भगत हलला नाही.

मागून बिजलीबाई पुढे आली. पाड्यात सर्वांत म्हातारी. भगतसुद्धा तिला अक्का म्हणायचा.

“डोंगर, पेरणी झाल्यावर तू देवना झाडेसले हाक मारस. त्या हाकमा घाणेरीनं नाव शे का?”

“नही.”

“मंग ती देवनी कशी?”

 पाड्याची रीत जुनी होती. देवाच्या रानातल्या प्रत्येक झाडाला भगताने नावाने हाक मारायची, आणि ज्याला ते झाड दिसेल त्याने ‘शे’, म्हणजे आहे, म्हणून ओ द्यायची. आत जायची वाट बुजली तसं लोकांनी जाणं सोडलं. मग भगत एकटाच रानाकडे जायचा आणि परत येऊन सांगायचा, बठ्ठा शेत, सगळी आहेत.

“आज आमनासमोर मार हाक,” बिजलीबाई म्हणाली.

तो उठला. रानाकडे तोंड करून त्याने आवाज दिला.

“मोह!”

“शे!” बायका एका सुरात म्हणाल्या. उंच मोह सगळ्यांना दिसत होता.

“तिवस!”

“शे!”

“मुरडशेंग!”

कुणी बोललं नाही.

“धायटी!”

बायकांनी माना उंचावल्या. समोर नुसती घाणेरी होती. भगताने हाक तिथेच थांबवली. काठी टेकून तो खाली बसला.

“मी आत गयाच नही, अक्का,” तो हळूच म्हणाला. “कितला साल व्हयनात. बाहेरथीनच सांगं, बठ्ठा शेत. तुम्ही आत गयात तर काहीच सापडाव नही, याचंच भेव.”

बिजलीबाई त्याला रागावली नाही. रुपलीच्या हातातली कुदळ घेऊन तिने ती त्याच्यापुढे धरली.

भगताने कुदळ घेतली आणि सर्वांच्या पुढे तो रानात शिरला. त्याच्या मागे रुपली, रुपलीच्या मागे बाकीच्या; बिजलीबाई तेवढी बाहेर थांबली. जमीन ओली होती. झुडपं मुळांसकट येत होती, हात ओरबाडून निघत होते, आणि उलटी टाकलेली घाणेरी वाटेच्या दोन्ही बाजूंना वाढत चालली होती. दुपार कलली.

आतलं काही कळेना, तेव्हा बाहेर बसलेल्या बिजलीबाईला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनेच हाक दिली.

“धायटी!”

आणि घाणेरीच्या आतून, रडत की हसत कळेना, भगताचा आवाज आला, “शे, अक्का! शे!”