मॅच चालू असताना

साडेतीन वाजले तशी ती नवऱ्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. चार वाजेपर्यंत तिला लॅबच्या मालकीणबाईंना हो किंवा नाही कळवायचं होतं.

ती दातांच्या कवळ्या बनवायची. पंधरा वर्षं एकाच लॅबमध्ये. नुसता प्लास्टरचा साचा हातात घेऊन माणूस कुठल्या बाजूने चावतो ते ती सांगायची. लॅबची नवी शाखा सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात निघत होती आणि ती सांभाळायला मालकीणबाईंना तीच हवी होती.

आठवडाभर ती ही गोष्ट त्याच्या कानावर घालायला बघत होती. पण सकाळी त्याची कामावर जायची घाई, संध्याकाळी आला की हेडफोन चढवून गेमपुढे. गेममधल्या टीमला उशीर झालेला चालत नसे, बायकोला चालायचा. आज रविवार म्हणून जरा आशा होती, तर साहेब सकाळपासूनच खुर्चीला चिकटलेले.

तिला जायचं नव्हतं. त्याने फक्त ‘नको जाऊस’ म्हणायला हवं होतं. दोनच शब्द. तेवढ्यावर ती आणखी पंधरा वर्षं सुखाने काढायला तयार होती.

“ऐक ना.”

“डावीकडून ये, डावीकडून! शाब्बास रे माझ्या वाघा!” तो पडद्याकडे बघून ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, “आणि काय रे, आईचं ऑपरेशन नीट झालं ना? तू जेवलास का काही?”

टीममधल्या चौघांपैकी एकालाही त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण कोणाची परीक्षा जवळ आलीय, कोणाचं लग्न मोडलंय, सगळं त्याला तोंडपाठ होतं. ती चौघं त्याला दादा म्हणत आणि त्याच्यावर जीव टाकत. इतक्या मायेने बोलणारा माणूस आपल्याच घरात राहतो याचं तिला कधी कधी नवल वाटे.

घरात मात्र खुणांवर भागत होतं. मॅच चालू असताना एक बोट म्हणजे थांब, पंजा म्हणजे नको, अंगठा वर म्हणजे हो, चालेल. चहा, भाजी, पाहुणे, सगळं त्यात बसायचं. सुरुवातीला तिला या खुणांचं कौतुक होतं. मैत्रिणींना हसून सांगायची ती.

“मला दुसऱ्या शहरात बोलावतायत,” ती त्याच्या पाठीला म्हणाली. “कायमचं. आणि मी गेले ना, तर मला नाही वाटत मी परत येईन. इथे फार एकटं वाटतं रे मला. सांग ना, जाऊ का मी?”

अंगठा वर झाला. मान वळली नाही.

त्याने काही ऐकलेलं नाही हे तिला कळत होतं. तरी स्वयंपाकघरात जाऊन तिने फोन लावला.

“येते मी. पहिल्या तारखेपासून.”

“घरी विचारलंस ना गं?” मालकीणबाईंनी विचारलं.

“विचारलं. हो म्हणाला.”

फोन ठेवून तिने नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. नळ सोडायची तशी गरज नव्हती.

तोंड पुसून ती बाहेर आली तर खोलीत आवाजच नव्हता. पडद्यावर त्याचा शिपाई मरून पडला होता. हेडफोन गळ्यात उतरवून तो दाराकडे तोंड करून बसला होता.

“तू कुठे चाललीयस?”

“तुला कोणी सांगितलं?”

“पोरांनी. माइक चालू होता माझा. त्यांनी सगळं ऐकलं. मॅच सोडून दिली सगळ्यांनी.”

“मी तुला विचारत होते. तू अंगठा वर केलास.”

“मला वाटलं, चहा ठेवू का विचारतेयस.”

त्याचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. तो वाईट माणूस कधीच नव्हता, म्हणून तर ती इतकी वर्षं खुर्चीमागे उभी राहिली होती. चौघांना एका दमात डावीकडे-उजवीकडे सांगणाऱ्या माणसाला बायकोशी काय बोलावं ते सुचेना. ती वाट बघत राहिली. अजूनही मालकीणबाईंना फोन करून नाही म्हणता आलं असतं. चार वाजायला पाच मिनिटं होती.

तेवढ्यात गळ्यातल्या हेडफोनमधून एका पोरीचा बारीक आवाज आला.

“दादा, अहो, ‘नको जाऊस’ म्हणा ना त्यांना. म्हणा लवकर.”

“नको जाऊस,” तो म्हणाला.

आठवडाभर ती ज्यासाठी थांबली होती ते दोन शब्द तिने लागोपाठ दोनदा ऐकले. आधी त्या पोरीच्या तोंडून, मग त्याच्या.

ती पुढे झाली आणि त्याच्या हनुवटीजवळच्या माइकपाशी वाकली. कित्येक महिन्यांत ती त्याच्या इतक्या जवळ गेली नव्हती.

“मी जातेय,” ती त्या चौघांना म्हणाली. “तुमच्या दादाला सांभाळा. तुमचं ऐकतो तो.”