अडीच ताऱ्यांची आत्या

“अर्धा तारा गेला!” आत्या म्हणाली आणि वाळूच्या खड्ड्यातून चेंडू उडवून तिने थेट झेंड्यापाशी नेऊन ठेवला. “ही काय वाळू म्हणायची? बांधकामावरून उरलेली खडी आणून ओतलीय नुसती.”

भिंगरीने ओठ चावला. सातवा होल संपत आला होता आणि नगरपालिकेच्या गोल्फ मैदानाचे तारे अर्ध्या-अर्ध्याने गळत होते. पहिल्या होलवर झेंड्याच्या जागी कुणाचा तरी रुमाल बांधलेला निघाला, तिथे अर्धा गेला. चौथ्यावर पलीकडच्या बस डेपोत नेमका हॉर्न वाजला आणि आत्याचा फटका हुकला, तिथे अर्धा गेला. भोकाभोवतीच्या हिरवळीला ठिकठिकाणी पडलेल्या टकलाचा विषय तर आत्याने अजून काढलाच नव्हता!

ही आत्या साधीसुधी नव्हे. दर रविवारी पेपरात ती शहरातल्या स्वस्त खेळांच्या जागांना तारे द्यायची. पाचपैकी अडीचच्या वर आजवर कुणी गेलं नव्हतं, म्हणून अख्खं शहर तिला ‘अडीच’ म्हणायचं. अर्थात तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची? पोहण्याच्या तलावाला तिने दीड दिला आणि महिन्याभरात तिथे फक्त बेडूक पोहत होते.

आणि हे मैदान म्हणजे भिंगरीचा जीव की प्राण. दुसरीकडे गोल्फ खेळायचं तर आधी वडील क्लबाचे सभासद हवेत. इथे शाळेचे बूट चालतात, आईचा जुना टी-शर्ट चालतो आणि फटका चुकला तर मागचे लोक हसतात, पण चेंडूही शोधून देतात. इथेही बेडूक नाचायला लागले तर? म्हणून सकाळी तिने पैज लावली होती.

“आत्या, मी जिंकले तर तारे मी देणार!”

“आणि बरोबरी झाली तर?”

“तर तूच दे.”

आत्या इतकी हसली की डोक्यावरची टोपी पडली. हसणारच. भिंगरीला स्टिक धरायला तिनेच शिकवलं होतं, आणि इतक्या वर्षांत भिंगरी तिच्याविरुद्ध एकदाही जिंकली नव्हती.

पण आज भिंगरीच्या हातात काहीतरी संचारलं होतं. आठव्या होलवर तिचा चेंडू भोकापाशी येऊन थांबला. “उचल गं, दिला तुला,” आत्या नेहमीसारखी म्हणाली. गोल्फमध्ये ही एक मोठ्या मनाची रीत आहे. चेंडू भोकाच्या अगदी जवळ असला की समोरचा ‘उचल’ म्हणू शकतो, मग तो आत गेलाच असं धरतात. आत्या भिंगरीला लहानपणापासून असे चेंडू सोडत आली होती. तो होल भिंगरीचा झाला आणि दोघी बरोबरीत आल्या.

आता शेवटचा, नववा. ज्याचे फटके कमी, होल त्याचा. आत्याने पाच फटक्यांत चेंडू आत घातला. भिंगरीचे तीन झाले होते आणि चेंडू भोकापासून हातभर लांब होता. हा आत गेला की खेळ तिचा, मैदान तिचं, तारे तिचे. आणि हातभर म्हणजे काय! एवढं अंतर तर आत्या डोळे झाकून सोडायची. भिंगरी चेंडू उचलायला वाकलीसुद्धा.

पण आत्याचं ‘उचल’ काही आलं नाही.

“आत्या?”

“खेळ,” आत्या म्हणाली आणि टोपीची कड चाचपत बाजूला झाली.

भिंगरीच्या डोक्यात सणक गेली. सख्खी आत्या ना ही? आणि समोर होतं हिरवळीचं सगळ्यात मोठं टक्कल!

मागे खोळंबलेले सलूनवाले काका ओरडले, “पोरी, घाबरू नकोस! टक्कल माझ्या धंद्याला वाईट, पण चेंडूला चांगलं. सरळ मार!”

“आणि लवकर मार,” शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, “मला ड्यूटी आहे.”

भिंगरीने श्वास रोखला आणि चेंडूला हलकेच ढकललं. तो निघाला, मध्येच एका खड्याला अडखळला, भोकाच्या कडेवर त्याने अर्धी गिरकी घेतली आणि टुपुक! आत!

भिंगरीने जी आरोळी ठोकली, ती डेपोतल्या हॉर्नच्या वरताण होती. तिने झेंड्याभोवती गरागरा फेऱ्या मारल्या, सलूनवाल्या काकांना टाळी दिली, ड्यूटी विसरलेल्या नर्सबाईंना मिठी मारली. आत्याने गुपचूप फोन तिच्या हातात दिला. लेख लिहून तयार होता, ताऱ्यांची जागा तेवढी रिकामी होती. भिंगरीने चार तारे टाकले.

“चारच?” आत्याने भुवई उंचावली. “मला वाटलं, पाच उधळशील.”

“रुमाल तो रुमालच ना.”

आत्याने एक अक्षरही न बदलता लेख पाठवून दिला. पण भिंगरीच्या मनातली सल काही जाईना.

“जन्मभर माझे चेंडू सोडत आलीस, आणि आज खरी वेळ आली तर तोंडाला कुलूप! एवढा राग आला ना मला तुझा!”

“तेव्हा सोडायचे, कारण तू चेंडू आत घातलास काय आणि नाही घातलास काय, जिंकणार मीच होते.” आत्याने टोपी काढली, कपाळावरचा घाम पुसला आणि हात मिळवायला पुढे केला. “आज मला माझीच पडली होती गं.”