रस्त्याआधीचे ठिपके

"घर नंबर बावीस, दोन माणसं. खोकला, धाप," नर्स वहीतून वाचत होती आणि नकाशेवाली नकाशावर लाल ठिपके देत होती. नियमच होता तसा. नवा रस्ता मंजूर व्हायच्या आधी आजूबाजूचे आजारी नकाशावर दाखवायचे, साहेबांची सही घ्यायची आणि गुंडाळी कपाटात टाकायची. आजवर त्या ठिपक्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

पन्नासेक ठिपके झाले आणि तिचा हात थांबला. ठिपके ट्रकांच्या नव्या रस्त्याच्या रेघेवरून चालले होते. अगदी वळणासकट.

"सिस्टर, हा रस्ता अजून कागदावरच आहे हो. तिथे साधी कुदळही पडलेली नाही."

"मला काय विचारता? मी दारोदार फिरून लिहून आणते. पुढचं घ्या. एकतीस नंबर, एक बाई, वय सत्तर."

एकतीस नंबरात नकाशेवालीची आई राहत होती. पंधरा दिवस खोकत होती, आणि ही आपली हवेला दोष देत बसली होती. नर्स गेल्यावर तिने रस्त्याची पेन्सिलीची रेघ खोडली आणि दोन गल्ल्या पलीकडे ओढली. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, कपाळ!

आठवड्याने आईचा फोन आला. "अगं, खोकला कुठल्या कुठे पळाला! काल गाढ झोपले बघ." ती हसली, रडलीही.

दुपारी नर्स फेरतपासणीची वही घेऊन आली. "जुने सगळे ठणठणीत. नवलच बाई! आता नवे घ्या. पाळणाघर, सतरा पोरं."

पाळणाघर नव्या रेघेवर होतं.

"केवढी आहेत हो?"

"धाकटं सात महिन्यांचं. धाप लागली की रडताही येत नाही त्याला."

तिने अख्खा रस्ताच खोडून टाकला.

चारच्या सुमारास साहेब सहीला आले. "रस्ता कुठाय?"

"नाही काढला तर नाही का चालणार, साहेब?"

"वेड लागलंय का तुम्हाला? रस्ता होणारच. काढा कुठूनही. कुणाच्या तरी दारावरून जाणारच की तो!"

तिने पेन्सिलीला टोक केलं, पट्टी नकाशावर ठेवली.

"साहेब, तुमचं घर नेमकं कुठे येतं?"