निहारची जागा

जेसल पार्कच्या फुटबॉल टीमनं सलग तीन वर्षं कप आणला, आणि तिन्ही वर्षं मिरवणूक ममताच्याच दाराशी थांबली. पोरांच्या खांद्यावर तिचा निहार, आणि मागून सगळ्यांच्या बॅगा उचलून येणारा राखीव खेळाडू म्हणजे शेजारच्या नीलिमाचा बंटी. ममतानं वाटलेला पेढा नीलिमाच्या घशाखाली कधी उतरला नाही.

यंदा निहारला रेल्वेत नोकरी लागली आणि तो भुसावळला गेला. पाठोपाठ आणखी दोघं गेले. "आता कसला कप! पहिल्याच मॅचला घरी येतील," असं जो तो म्हणू लागला. म्हणेनात का! निहारच्या जागी बंटी खेळणार होता.

नीलिमानं वैभवलक्ष्मीच्या एकवीस शुक्रवारांचं उद्यापन केलं. सात सवाशिणींत ममताला मुद्दाम बोलावलं आणि निहारची, आता बंटीला मिळालेली दहा नंबरची जर्सी तिला दिसेल अशी टांगली.

"बंटीला शोभेल हो," ममता म्हणाली. मग खिरीची वाटी घेत हळूच बोलली, "ताई, मीपण शुक्रवार धरले होते. निहारला नोकरी लागून तो इथून जाऊ दे, म्हणून. तुम्ही काय मागितलं होतं?"

निहार इथून जाऊ दे, एवढंच तर नीलिमानं मागितलं होतं. देवीसमोर तिला खोटं बोलवेना.

"तेच," ती पुटपुटली.

ममताचे डोळे भरून आले. खरं तर सवाशिणीच्या पाया नीलिमानं पडायचं. पण ममताच उठली आणि तिच्यापुढे वाकली.