डावीकडे पूर्ण फिरवलं की

"घासतंय," चाकाशेजारून आवाज आला. "डावीकडे पूर्ण फिरवलं की घासतंय."

टॉवरवाल्यानं स्टिअरिंग सोडून कपाळावर हात मारला. तिसरा रविवार, टायरची तिसरी साईज, आणि तरी घासतंय! बाहेर ड्रायव्हरकाका आपल्या स्टुलावर बसून, टॉर्च चाकाच्या वरच्या पोकळीत खुपसून, गंभीरपणे मान हलवत होते. जन्मभर बस चालवलेला माणूस. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार?

भानगड तशी साधीच होती. टॉवरवाला मोबाईलच्या टॉवरांची देखभाल करायचा. डोंगरातल्या वाटांवर पिकअप खालून दगडांना आपटायला लागली, म्हणून त्यानं ती तीन इंच उचलून घेतली. उचलली तर जुनी चाकं खेळण्यातल्यासारखी दिसायला लागली, आणि खडकावर चढेनातही. मोठे टायर घातले, तर ते वळताना आतल्या प्लास्टिकला घासायला लागले. झाली का पंचाईत!

आता घासतंय की नाही ते बघायला दोन माणसं लागतात. एकानं पुढचं चाक कट्ट्यावर चढवून स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवायचं, दुसऱ्यानं वाकून बघायचं. नुसतं ऐकून टॉवरवाल्याला कळलं नसतं. जनरेटरशेजारी उभं राहून राहून त्याचे कान केव्हाच कामातून गेले होते. पूर्वी असल्या कामाला मुलगी स्टिअरिंगवर बसायची. बायको गेली, पाठोपाठ मुलगी लग्न होऊन लांब गेली. एवढी मोठी इमारत, पण "जरा पाच मिनिटं येता का" असं हक्कानं म्हणावं असं एकही दार त्याला उरलं नव्हतं.

पहिल्या रविवारी तो एकटाच गाडीत चढत होता, उतरत होता, धावत पुढे जाऊन वाकत होता. वरच्या गॅलरीतून काका ओरडले, "अहो, एकट्यानं कसलं होतंय ते! थांबा, आलो." आणि स्टूल काखेत मारून खाली आलेसुद्धा. तोवर दोघांचं बोलणं जिन्यात मान हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं. त्या दिवशी खरंच घासत होतं, प्लास्टिकवर चांगला ओरखडा उठला होता. मग मागचा फाळका पाडून दोघं त्यावर बसले. काकांनी घाटात ब्रेक गेलेल्या बसची गोष्ट सांगितली. टॉवरवाला कितीतरी दिवसांनी पोट धरून हसला. काकाही एकटेच. त्यांच्या मुलाचा फोन यायचा, तोसुद्धा तब्येत विचारण्यापुरता.

टायरवाला भला होता. साईज नक्की होईपर्यंत तो जुने टायर चढवून बघायला देत होता. पण तिसऱ्या खेपेला तोही वैतागला.

"साहेब, ही साईज घासणं शक्यच नाही. उंचीला कमी, रुंदीला बारीक. बघतंय कोण?"

"शेजारचे काका."

"काकांना राहू द्या. ओला खडू घ्या, आतल्या प्लास्टिकला फासा आणि चाक फिरवा. घासलं तर खडू पुसला जाईल. एकट्याचं काम आहे, दुसरा माणूस हवाय कशाला?"

पुढच्या रविवारी काका उतरायच्या आत टॉवरवाल्यानं खडू फासला. चाक कट्ट्यावर चढवलं. पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुन्हा डावीकडे. उतरून बघितलं. खडू जसाच्या तसा! पांढराशुभ्र, कणभरही न पुसलेला.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे म्हातारा आपल्याला चक्क खेळवतोय? आपण गाढवासारखे दुकानाच्या खेपा घालतोय, टायरवाल्याची बोलणी खातोय, आणि हे बसलेत स्टुलावर मान हलवत! आज तोंडावर विचारायचंच, असं ठरवून तो कमरेवर हात ठेवून जिन्याकडे तोंड करून उभा राहिला.

काका उतरत होते. एका हातानं कठडा धरलेला. स्टूल काखेत, टॉर्च खिशात, आणि आज खांद्याला चहाचा थर्मासही लटकत होता. दाढी ताजी केलेली होती. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. चाकाखाली डोकावायला कोणी इस्त्रीचा शर्ट घालतं का?

टॉवरवाल्याचे कमरेवरचे हात आपोआप खाली आले. आत्ता खरं बोललो, की साईज ठरली. साईज ठरली, की काका स्टूल घेऊन वर जाणार. मग त्यांना खाली यायला काही निमित्त नाही, आणि आपल्याला वर हाक मारायलाही नाही. उरलेला रविवार त्याला लख्ख दिसला. एक ताट, एक पेला, आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी चकार शब्द नाही.

तो झटकन चाकाशी वाकला, आत हात घातला आणि उभा राहिला.

"या काका! टायरवाल्याच्या सांगण्यावरून आज खडू लावलाय. बघा बरं, पुसला गेलाय का."

खडू म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला. ते सावकाश स्टुलावर टेकले आणि त्यांनी टॉर्च आत धरला. खडूच्या मधोमध एक रेघ ओढलेली होती. रेघेच्या टोकाला अंगठ्याचा ठसा होता, रेषान् रेषा दिसावी इतका स्वच्छ.

काकांनी टॉर्च विझवला. टॉवरवाल्याच्या पांढऱ्या अंगठ्याकडे बघितलं, मग घसा खाकरला.

"घासतंय," ते म्हणाले. "चांगलंच घासतंय. पुढच्या रविवारी जरा लवकरच बसू."